माशांच्या बाजूने

३ जानेवारी, शनिवार

डायरी पहिल्याच आठवड्यात उघडावी लागेल असं वाटलं नव्हतं. स्मिताच्या ऑफिसातून दर वर्षी एक मिळते आणि दर वर्षी ती मिक्सरखाली जाते, कारण आमचा ओटा एका बाजूला उतरता आहे. या वर्षी मिक्सर डुगडुगला तरी चालेल. मला कुणाशी तरी बोलायलाच हवं. घरात माझ्याशिवाय दोन माणसं आहेत आणि दोन्ही विरुद्ध पक्षात आहेत.

झालं असं की आज नाश्त्याला आमची कन्या इरा म्हणाली, "बाबा, ओ-लेव्हलचा रिझल्ट कसाही लागू दे, मला जेसी नको. आय वॉन्ट पॉली."

ओ-लेव्हल म्हणजे इथली, सिंगापूरची दहावी. जेसी म्हणजे ज्युनियर कॉलेज. दोन वर्षं, मग विद्यापीठ, मग पदवी. आमच्या ओळखीतली झाडून सगळी मुलं याच रस्त्याने जातात. पॉली म्हणजे पॉलिटेक्निक. तीन वर्षं आणि हातात डिप्लोमा. मी पोह्यांचा चमचा खाली ठेवला आणि शांतपणे (स्मिताच्या मते ओरडून) विचारलं, "कशातला डिप्लोमा? कॉम्प्युटरमधला?"

"ॲक्वाकल्चर."

"मत्स्यशेती," स्मिता पोह्यांवर खोबरं घालत म्हणाली. "मासे वाढवायचे."

आमच्या घराण्याचा माशाशी संबंध दशावतारातल्या पहिल्या अवतारापुरता. तोही फक्त नमस्कार करण्याइतका. मी इराला हे सांगितलं तर ती म्हणाली, "सी? फॅमिली कनेक्शन आहे ना, बाबा."

मग पुढचं बाहेर आलं. डिसेंबरभर ही पुलाउ उबीन बेटावर सायकलिंगला जात होती ना, ते सायकलिंग नव्हतंच. उबीनजवळच्या समुद्रात तरंगत्या पिंजऱ्यांची एक मत्स्यशेती आहे, तिथे ती फुकट काम करत होती. सायकल दिवसभर चांगीच्या जेट्टीवर बांधलेली. आणि मी येडा दर शुक्रवारी तिच्या चेनला तेल घालत होतो!

"तुला माहीत होतं?" मी स्मिताला विचारलं.

"वास यायचा ना कपड्यांना," ती म्हणाली.

मला नाही आला. आला असेल तर मला तो समुद्राचा वाटला.

५ जानेवारी, सोमवार

दोन दिवस अबोला. म्हणजे मी धरलेला. बाकी दोघी मजेत आहेत.

जेवणानंतर स्मिता हॉलमधल्या माझ्या करंडकावरची धूळ पुसत होती. पुण्याच्या आंतरमहाविद्यालयीन वादविवाद स्पर्धेचा फिरता करंडक आहे तो. सलग तीन वर्षं जिंकणाऱ्याकडे कायमचा राहील असा नियम होता, आणि मी सलग तीन वर्षं जिंकलो. पुढच्या वर्षी त्यांना नवा करंडक करावा लागला. सध्या आम्ही त्यात किल्ल्या ठेवतो.

"तू न पटणाऱ्या बाजूनेसुद्धा बोलायचास ना रे तेव्हा?" स्मिताने सहज विचारलं.

"म्हणजे काय! चिठ्ठीत निघेल ती बाजू. एका आठवड्यात फाशीच्या बाजूने पहिला आलोय आणि फाशीच्या विरुद्धही पहिला आलोय."

आणि हे बोलता बोलता मला एक अफाट कल्पना सुचली. कुठून सुचली देव जाणे, अशा कल्पना मला आपोआपच सुचतात. घरात वादविवाद ठेवायचा! बाजू उलट्या. इराने जेसीच्या बाजूने बोलायचं, मी डिप्लोमाच्या. भाषा मराठी. परीक्षक स्मिता. जी बाजू जिंकेल ती प्रवेशाच्या अर्जावर पहिली पसंती, आणि मग तक्रार नाही.

यातली मेख अशी. माणूस ज्या बाजूने तयारी करतो, ती बाजू त्याला हळूहळू पटायला लागते. मी हे कितीतरी स्पर्धकांच्या बाबतीत पाहिलं आहे. इरा बिचारी जेसीचे गुण शोधत बसणार आणि शोधता शोधता स्वतःच पाघळणार. आणि मला काय करायचंय? फक्त हरायचंय! आयुष्यात पहिल्यांदा हरण्यात माझा फायदा आहे.

इराने ऐकलं, आईकडे एकदा पाहिलं आणि माझा हात धरून असा हलवला की माझा चहा सांडला. "डील, बाबा. नो टर्निंग बॅक, हं."

पोरगी अलगद जाळ्यात आली. (मासे, जाळं. हा विषय आता डोक्यात शिरणार.)

८ जानेवारी, गुरुवार

सुट्टी टाकली आणि पॉलिटेक्निकच्या ओपन हाउसला गेलो. एकटाच. हरायचं झालं तरी तयारी हवी. तयारीशिवाय हरलो तर इराला संशय येईल.

अरे काय जागा आहे ती! निळ्या टाक्याच टाक्या, सगळीकडे पाण्याचा खळखळाट आणि मधोमध सूक्ष्मदर्शक मांडलेला. रांगेत उभा राहिलो आणि डोळा लावला. कालच अंड्यातून बाहेर आलेलं माशाचं पिल्लू. पापणीच्या केसाएवढं, आरपार दिसणारं, आणि आत त्याचं हृदय चालू!

"चालू आहे! अरे, चालू आहे!" मी चक्क मराठीत ओरडलो. माझ्या मागच्या चिनी अंकलनी घाईघाईने डोळा लावला आणि तेही त्यांच्या भाषेत काहीतरी ओरडले. आम्ही दोघांनी हात मिळवले. मग परत रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिलो.

तिथल्या बाईंना मी भरपूर पिडलं. फी ऐकून दोनदा विचारली, कारण चार वर्षांत इराच्या गणिताच्या ट्यूशनला आम्ही त्याहून जास्त घातलेत. पहिला पगार पदवीवाल्यापेक्षा कमीच असतो, हे बाईंनी लपवलं नाही. पुढे विद्यापीठात जाता येतं, पण जागा सगळ्यांना पुरत नाहीत. मत्स्यशेत्याही मोजक्याच आणि त्यातल्या काही बंद पडल्या. त्याचबरोबर, तीन वर्षांतला मोठा काळ पाण्यात हात घालून काम करायचं आणि बाहेर पडल्यावर लगेच उपयोगी पडायचं. सगळं टिपून घेतलं.

डिप्लोमाच्या विरुद्धचे मुद्दे मी वेगळ्या कागदावर लिहिले होते. ते इराच्या हाती लागू नयेत म्हणून येताना फाडून टाकले.

का फाडले? मला हरायचंय ना? उद्या विचार करतो.

१० जानेवारी, शनिवार

इराच्या मत्स्यशेतीवर सहकुटुंब गेलो. चांगीहून त्यांच्याच होडीने. मी ऑफिसच्या बुटांत गेलो ही चूक झाली.

पाण्यावर तरंगणाऱ्या फळ्यांची चौकट, मध्ये जाळ्यांचे चौकोन, एक पत्र्याची खोली आणि दोन कुत्री. पलीकडे उबीनची झाडं, त्याच्याही पलीकडे मलेशिया. तिथे मेई लिंग नावाची मुलगी काम करते, हाच डिप्लोमा केलेली. तिने माझ्या हातात खाण्याची बादली दिली. मी लग्नात अक्षता टाकतात तसे चार दाणे टाकले.

"अंकल, लोअर लाह, लोअर. फिश नॉट बाइट वन," ती इथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली.

मी वाकलो आणि पाणी फुटलं! शंभरेक मासे एकदम वर आले, शेपट्या आपटल्या, आणि मी चष्म्यापासून मोज्यांपर्यंत भिजलो. मी ओरडलो, हसलो, आणि पूर्ण बादली रिकामी केली. मेई लिंग म्हणाली ते दोन पिंजऱ्यांचं खाणं होतं.

"काय मासा आहे हा?" मी विचारलं.

"सी बास," इरा म्हणाली.

"जिताडा," स्मिता म्हणाली. मग जरा थांबून, "म्हणजे, कुठेतरी वाचलंय. हा एवढा झाला ना, की सूपला अगदी बरोब्बर असतो म्हणे."

स्मिताचं वाचन दांडगं आहे. पुण्यात जन्मलेल्या, कधी अंडंही न खाल्लेल्या बाईला हे ठाऊक असावं म्हणजे कमाल आहे.

एक गोष्ट लिहून ठेवतो. निघायच्या आधी इरा फळीवर पालथी पडून, दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात घालून जाळं तपासत होती. कुठे भोक आहे का, ते ती बोटांनी चाचपडत होती. ओठ घट्ट मिटलेले, केस तोंडावर आलेले. मी दोनदा हाक मारली, तिला ऐकूच गेलं नाही. मग तिला ते भोक सापडलं आणि ती एकटीच हसली.

होडीत मी सगळा वेळ मागे वळून त्या फळीकडे पाहत होतो. स्मिताने विचारलं बरं नाही का. बरंच होतं.

१२ जानेवारी, सोमवार

माझं ऑफिस चांगीला, स्मिताचं रॅफल्स प्लेसला, त्यामुळे दुपारचं जेवण आम्ही कधी एकत्र घेत नाही. आज मीटिंगसाठी तिकडे गेलो होतो, म्हणून तिला गाठलं. ती मला तिच्या नेहमीच्या हॉकर सेंटरला, म्हणजे खाण्याच्या ठेल्यांच्या मंडईत, नेईना, म्हणाली गर्दी असते. मी हट्टाने न्यायला लावलं.

तिथले लोक फारच अगत्याचे. एका फिश सूपच्या ठेल्यावरच्या आंटी स्मिताला पाहून लांबूनच ओरडल्या, "सेम-सेम? टुडे टू, आ?" आम्ही टेबलावर बसतो न बसतो तोच त्यांनी वाफाळता वाडगा आणून तिच्या पुढ्यात ठेवला. स्मिता लालबुंद झाली आणि म्हणाली, "ऑर्डर चुकली वाटतं त्यांची." बिचाऱ्या आंटींचा चेहरा पडला. गर्दीत असं होणारच. स्मिताने माझ्यासाठी व्हेजिटेरियन बी हून, म्हणजे तांदळाच्या शेवया, आणल्या आणि स्वतः नुसता चहा घेतला. वाडगा परत जाईपर्यंत ती त्याच्याकडेच पाहत होती. वासाचा त्रास होत असणार.

मी तिला माझं भाषण ऐकवलं. म्हणजे सुरुवात.

"श्रीनि, चांगलं आहे," ती म्हणाली. "खूपच चांगलं आहे. असंच बोल."

परीक्षकाला आधी ऐकवणं नियमाविरुद्ध आहे, हे नंतर लक्षात आलं.

१४ जानेवारी, बुधवार

रिझल्ट! इराला असे मार्क पडलेत की सिंगापूरमधल्या कुठल्याही जेसीचं दार उघडेल. शाळेतून फोनवर ती ओरडत होती, इकडे मी ऑफिसच्या पँट्रीत ओरडत होतो. पेढे मिळाले नाहीत म्हणून सगळ्यांना अननसाची बिस्किटं वाटली.

संध्याकाळी आमच्याच कॉन्डोत निशिकांत आणि मेधाकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. बायका आत, पुरुष बाल्कनीत. निशिकांतचा मुलगा मागच्या वर्षी नामांकित जेसीत गेला आणि तेव्हापासून निशिकांतची मानही त्याच दिशेला वळलेली असते. कुठून तरी त्याला कळलं होतं.

"काय रे, इरा म्हणे पॉलीला? मार्क कमी पडले का?"

"पडले ना. जास्त पडले."

"मग? एवढे मार्क मिळवून मासे?"

मला गप्प बसता आलं असतं. निशिकांतचं म्हणणं तेच माझंही म्हणणं होतं, गेल्या आठवड्यापर्यंत. पण त्याने ते इतकं वाईट मांडलं की राहवेना. मी म्हटलं, "निशिकांत, तू दर रविवारी पापलेट आणतोस. ते आकाशातून पडतं का? या बेटावर जवळपास सगळं खाणं बाहेरून येतं. ते इथे पिकवायला कुणीतरी शिकलेलं लागेल की नाही? का पदवी तळून खाणार आहेस? आणि डिप्लोमाला कमी मार्कांची मुलं जातात हे तुला कुणी सांगितलं? माशांनी सांगितलं?"

मेधा बाहेर आली आणि मला तिळगूळ देऊन म्हणाली, "भावोजी, गोड बोला." पाच मिनिटांनी तिने परत येऊन आणखी एक दिला.

निघताना शेजारच्या इमारतीतल्या समीरने मला हळूच बाजूला घेतलं आणि विचारलं की त्या कोर्सचा अर्जावर टाकायचा कोड काय. मी तोंडपाठ सांगितला.

१६ जानेवारी, शुक्रवार

उद्या वाद. उद्या हरायचं.

आंघोळ करताना भाषण म्हणत होतो. बाहेरून इरा ओरडली, "बाबा, नेबर्स कॅन हिअर यू, लाह!"

खरं सांगायचं तर मला भीती वाटते. ती सोळा वर्षांची आहे. तिचे हात मऊ आहेत, गेल्या महिन्यात त्यांना भेगा पडल्या होत्या आणि मला वाटलं सायकलच्या हँडलने पडल्या. शेती बंद पडली तर? पुढे विद्यापीठात जागा मिळाली नाही तर? सगळे मित्रमैत्रिणी पदव्या घेऊन बसतील आणि ही गमबूट घालून उभी असेल, आणि तेव्हा ती म्हणेल, बाबा, तू अडवलं का नाहीस?

मी सोळाव्या वर्षी काहीच ठरवलं नव्हतं. मार्क चांगले पडले म्हणून इंजिनीअर झालो आणि मग जो जो जिना दिसला तो चढत इथवर आलो. वाईट झालं नाही. आवडतंय का, असं मला कुणी विचारलं नाही आणि मीही विचारलं नाही.

असो. ठरलं. तिसऱ्या मिनिटाला आकडेवारीत अडखळायचं, पाणी प्यायचं, 'माफ करा' म्हणायचं आणि खाली बसायचं. मला करंडक नको, पोरीचं भलं हवं.

१७ जानेवारी, शनिवार

घडलं तसं क्रमाने लिहितो.

जेवणाचं टेबल भिंतीला लावलं. स्मिता सोफ्यावर, हातात देवघरातली घंटा. इस्त्रीची साडी नेसली होती, परीक्षक म्हणून. इरा शाळेच्या ब्लेझरमध्ये. मी काहीच वेगळं केलं नव्हतं, फक्त टाय लावला होता.

आधी इरा बोलली. "सन्माननीय परीक्षक आई, आणि माझे ऑपोनंट बाबा." मला वाटलं होतं ती उरकेल. पण पोरगी सलग मराठीत बोलत होती! इतकं मराठी एका दमात ती आयुष्यात बोलली नसेल. क्रियापदं इकडची तिकडे होत होती आणि तरी ती थांबली नाही. म्हणाली, जेसी म्हणजे सगळे दरवाजे अजून उघडे. म्हणाली, सोळाव्या वर्षी एकच दरवाजा का पकडायचा? पदवीवाल्याला पगार जास्त, आणि पगार जास्त असला की नंतर मासे पाळता येतात, पण मासे पाळून नंतर पगार वाढवता येत नाही. काय मुद्दा होता! मी टाळी वाजवणार होतो.

मग तिने कागद खाली ठेवला.

"आणि मला मासे आवडतात, कारण ते अजून सुट्टी आहेत. जर रोजचं काम झाले आणि मग मला नाही आवडले, तर? मी एकोणीस असेन. सगळे पुढे गेलेले असतील. माझ्याकडे फक्त मासे असतील. हे मला... हे मला खरंच माहीत नाही, बाबा."

हे भाषणातलं नव्हतं. तिची हनुवटी हलत होती. लहानपणी इंजेक्शनच्या आधी हलायची तशी. स्मिताने घंटा वाजवली नाही. इरा खाली बसली आणि ब्लेझरचं बटण पिळत राहिली.

मी उभा राहिलो. सिंगापूर, अन्नसुरक्षा, फी, पगार, सगळं क्रमाने. तिसरं मिनिट आलं. अडखळायची जागा आली. तिथे मला ते बटण दिसलं आणि मी अडखळायचं विसरलो.

म्हटलं, "समोरच्या वक्त्या विचारतात, नाही आवडले तर? प्रश्न चांगला आहे, पण तो जेसीलाही लागू आहे. मला तो माझ्या नोकरीबद्दल वीस वर्षांत कुणी विचारला नाही, बरं झालं, उत्तर देता आलं नसतं. परीक्षक महोदया, मागच्या शनिवारी मी एक मुलगी पाहिली. ती पाण्यात हात घालून जाळ्यातलं भोक शोधत होती. मी दोनदा हाक मारली, तिला ऐकू गेली नाही. भोक सापडल्यावर ती हसली. कुणी बघतंय हे तिला ठाऊक नव्हतं, तरी हसली. मी रोज सकाळी ऑफिसच्या लिफ्टमध्ये चेहरे पाहतो, आरशात माझाही असतो. तसा चेहरा तिथे मी एकदाही पाहिलेला नाही. पहिल्या पगारातला फरक मी मान्य करतो. तो फरक कमी आहे असं मी म्हणणार नाही. पण त्या चेहऱ्याची किंमत समोरच्या वक्त्यांनी हिशोबात धरलेली नाही, म्हणून त्यांचा हिशोब चुकलेला आहे."

इथे थांबायला हवं होतं. पण मी टेबल सोडून इराच्या समोर गेलो, जे स्पर्धेत चालत नाही.

"आणि नाहीच आवडले, तर परत ये. तीन वर्षं वाया गेली असं मी कधी म्हणणार नाही. दुसऱ्या कुणी म्हटलं तर त्याची गाठ माझ्याशी आहे. मला सलग तीन वर्षं कुणी हरवलेलं नाही."

घंटा बराच वेळ वाजत होती म्हणे. मला ऐकू आली नाही.

स्मिताने पदराने डोळे टिपले आणि निकाल वाचला. "मांडणी, श्रीनिवास. खंडन, श्रीनिवास. इराला मराठीसाठी उत्तेजनार्थ. विजयी बाजू, डिप्लोमा."

"जिंकलो!" मी दोन्ही हात वर करून ओरडलो. खरंच ओरडलो. बाल्कनीतलं कबूतर उडालं. आणि मग आठवलं की मला हरायचं होतं.

तोवर इराने माझ्या गळ्यात उडी मारली होती. ती रडत होती आणि हसत होती आणि माझा टाय तिच्या तोंडात जात होता. मी मनात सगळीकडे शोधून पाहिलं, वाईट वाटल्याचं कुठे सापडेना.

१९ जानेवारी, सोमवार

अर्ज भरला. पहिल्या पसंतीला कोड इराने टाकला, पण शेवटचं बटण तिने मला दाबायला लावलं. दाबण्याआधी मी तिला म्हटलं, "अजून विचार कर, मी जिंकलो म्हणून जबरदस्ती नाही."

ती म्हणाली, "बाबा, शनिवारी मला खरंच भीती वाटली होती. माझंच स्पीच ऐकून. मग तू बोललास."

"मग?"

"मग नाही वाटली. थोडी आहे. बट कॅन. जमेल."

दाबलं.

८ फेब्रुवारी, रविवार

प्रवेश मिळाला! आता पुण्याला आईला सांगणं आलं. एवढे दिवस टाळलं होतं. आई शहात्तर वर्षांची, कांदासुद्धा चातुर्मासात नाही. व्हिडिओ कॉलवर घसा साफ करून सांगितलं. तिने फोन अगदी तोंडाजवळ धरला.

"मारायला शिकणार की जगवायला?" तिने विचारलं.

"जगवायला," मी म्हटलं.

"मग शिकू दे. तिला म्हणावं, पाण्यात जाताना कानात वारं जाऊ देऊ नकोस."

जगवल्यावर पुढे त्यांचं काय होतं, ते तिने विचारलं नाही. वाद जिंकायचा असेल तर न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देऊ नये.

निशिकांतने अभिनंदन केलं. समीरच्या मुलालाही त्याच कोर्सला प्रवेश मिळाला, त्याची बायको माझ्याशी बोलत नाही.

२० एप्रिल, सोमवार

कॉलेजचा पहिला दिवस. इराला सोडायला गेलो. गेटपाशी ती म्हणाली, "ओके बाबा, यू कॅन गो." मी गेलो नाही. त्या टाक्यांच्या खोलीच्या काचेतून एकदा डोकावून मगच ऑफिसला गेलो. उशीर झाला. कारण विचारलं तर खरं सांगितलं, माशांना बघत होतो.

संध्याकाळी बाल्कनीत नवी टाकी बसवली. पहिल्याच दिवशी पिल्लं आली आहेत घरी, अभ्यासासाठी, बोटाच्या पेराएवढी. मी स्मिताला आधीच बजावून ठेवलं की हे मूल उद्या मोठा मासासुद्धा घरी आणेल, कदाचित शिजवायचाही म्हणेल, तेव्हा तुला जड जाईल, पण मन मोठं करायला हवं, मी आहे समजवायला. स्मिता म्हणाली, "प्रयत्न करीन रे." फार समजूतदार आहे.

मग इरा हॉलमध्ये काहीतरी शोधू लागली. खाणं मोजून घालायला तिला भांडं हवं होतं. वाट्या लहान पडत होत्या, पातेली मोठी. तिची नजर करंडकावर गेली.

"बाबा, हा दे ना. राइट साइझ."

"तो? अगं, तो मी जिंकलेला आहे! तीनदा! आणि जानेवारीत चौथ्यांदा, तुला हरवून!"

"फिरता करंडक आहे ना? मग फिरू दे ना, लाह."

"फिरायला तू आधी जिंकायला हवं होतंस. तू हरलीस."

इराने स्मिताकडे पाहिलं. स्मिताने इराकडे पाहिलं. आणि दोघी अशा हसायला लागल्या की स्मिताला सोफ्यावर बसावं लागलं आणि इरा जमिनीवरच बसली. हरलेलं माणूस इतकं हसताना मी कुठल्याही स्पर्धेत पाहिलेलं नाही. याला म्हणतात खिलाडूवृत्ती. ती तिच्यात माझ्याकडूनच आली असणार.

मीच उठलो. करंडकातल्या किल्ल्या काढून टेबलावर ठेवल्या, आतून फडक्याने पुसला आणि तिला दिला. पहिलं खाणं तिने मला घालायला दिलं. मी नीट खाली वाकलो.